शंका-समाधान : थर्माकोलच्या यानापलीकडचे विज्ञान

शाळकरी मुलांना अंतराळ आणि विज्ञान हाताने करून कसे शिकवावे, या विषयावर गेल्या अंकात वाचकांकडून प्रश्न मागवले होते. मराठवाड्याच्या वेगवेगळ्या जिल्ह्यांतून पत्रे आली. त्यांतील पाच पत्रे थोडी संक्षिप्त करून उत्तरांसह येथे देत आहोत. सारख्या आशयाच्या पत्रांना वेगळे उत्तर दिलेले नाही.

प्रश्न : २३ ऑगस्टला राष्ट्रीय अंतराळ दिन साजरा करावा, असे पत्र आमच्या जिल्हा परिषद शाळेला येते. दोन-तीन पालक थर्माकोलचे चांद्रयान करून देतात, मुलांची पाठ केलेली भाषणे होतात, फोटो गटावर टाकले जातात आणि दिवस संपतो. पाचवी ते आठवीच्या मुलांना त्यातून काही कळते, असे मला वाटत नाही. शाळेत प्रयोगशाळा नाही आणि निधीही नाही. त्या दिवशी मुलांच्या हातांना काय काम द्यावे?
— एक शिक्षिका, ता. औसा, जि. लातूर

उत्तर : आपली तक्रार रास्त आहे. थर्माकोलच्या यानात मुलाला चुकायला जागाच नसते. ते यान उडणार नाही, पडणार नाही आणि कोणत्याही प्रश्नाला उत्तर देणार नाही हे आधीच ठरलेले असते. त्यामुळे ते कितीही देखणे झाले तरी ती हस्तकलाच राहते. मुलाला आधी अंदाज बांधावा लागेल आणि तो बरोबर ठरला की चूक हे समोरची वस्तूच सांगेल, असे काम निवडावे. दोन सुचवतो.

पहिल्याला ज्वारीचा एक दाणा, एक परात आणि मोकळे मैदान लागते. ज्वारीचा दाणा साधारण ४ मिलिमीटरचा असतो. त्याला पृथ्वी मानले तर सूर्य सुमारे ४४ सेंटीमीटर व्यासाचा, म्हणजे घरातल्या मोठ्या परातीएवढा होतो. परात मैदानाच्या एका टोकाला उभी करावी, प्रत्येक मुलाच्या हाती एक दाणा द्यावा आणि ‘पृथ्वी जिथे असेल असे वाटते तिथे जाऊन उभे राहा’ एवढेच सांगावे. बहुतेक मुले परातीपासून चार-पाच पावलांवर थांबतात, कारण पुस्तकातल्या चित्रात सगळे ग्रह एकमेकांना खेटून रांगेत बसलेले असतात. चित्रकाराचा त्यात दोष नाही, कारण खरे प्रमाण कोणत्याच पानावर मावत नाही. त्यानंतर मुलांकडूनच ४७ मीटर मोजून घ्यावेत. तिथे पृथ्वी. तिच्यापासून १२ सेंटीमीटरांवर राजगिऱ्याचा एक दाणा ठेवावा, तो चंद्र. माणूस आजवर या मापात सुमारे १२ सेंटीमीटरच गेला आहे, हे त्या वेळी आवर्जून सांगावे. मंगळ म्हणजे मोहरीचा दाणा, परातीपासून ७२ मीटरांवर. गुरू म्हणजे लहान लिंबू, २४४ मीटरांवर, आणि तिथेच बहुतेक शाळांचे मैदान संपून रस्ता लागतो. शनी ४५० मीटरांवर आणि नेपच्यून, म्हणजे एक काचेची गोटी, १४०० मीटरांवर, कदाचित गावाच्या वेशीबाहेर. १९७७ मध्ये निघालेले व्हॉयेजर १ हे यान याच मापात आज आठेक किलोमीटरांवर असेल आणि सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा सुमारे साडेबारा हजार किलोमीटरांवर, म्हणजे लातूरपासून अमेरिकेचा पूर्व किनारा जितका दूर आहे साधारण तितका. ही सगळी मापे सहावीतल्या गुणोत्तराच्या गणिताने निघतात. ती फळ्यावर लिहून देण्याऐवजी मुलांना काढू द्यावीत.

दुसरे काम चांद्रयानाचेच आहे. पॉलिथिनची पिशवी, चार दोरे आणि माती भरलेली काडेपेटी एवढ्यात हवाई छत्री तयार होते. ती शाळेच्या गच्चीवरून सोडली की पिशवीचा आकार, दोऱ्यांची लांबी आणि वजन यांनुसार किती हळू उतरते, हे मुले चढाओढीने मोजतात. ती रंगात आली की विचारावे : चांद्रयान-३ च्या विक्रम लँडरला अशी छत्री का लावली नव्हती? चंद्रावर छत्री फुगवणारी हवाच नाही, इथपर्यंत बहुतेक मुले स्वतः पोहोचतात. मग वेग कमी करायचा कसा? सुमारे ३० किलोमीटर उंचीवर लँडरचा वेग सेकंदाला जवळजवळ १.७ किलोमीटर होता आणि तो इंजिने प्रवासाच्या उलट दिशेने चालवून उतरवला गेला. हे वर्गात करायचे तर गच्चीच्या कठड्यापासून जमिनीपर्यंत तिरका दोरा ताणावा, त्यात रस पिण्याची नळी ओवावी आणि नळीला फुगवलेला फुगा अशा रीतीने चिकटवावा की त्याचे तोंड उताराकडे राहील. तोंड मोकळे केले की हवा पुढे सुटते आणि घसरणीचा वेग मंदावतो. हवा कमी पडली तर फुगा खाली आदळतो आणि जास्त झाली तर उलटा वर चढू लागतो. योग्य प्रमाण मुलांना पुन्हा पुन्हा करूनच सापडते आणि इंजिनाचा जोर कमी-जास्त करता येणे का आवश्यक होते, हे वेगळे सांगावे लागत नाही. भाषणे ठेवायचीच असतील तर ती या नंतर ठेवावीत, म्हणजे मुलांना बोलायला स्वतःचे काही असेल.

प्रश्न : शून्य सावलीचा दिवस मे महिन्यात येतो आणि तेव्हा शाळेला सुट्टी असते. सावलीचे प्रयोग शाळेच्या दिवसांत कसे घेता येतील? पृथ्वीचा परीघ सावलीवरून काढता येतो असे वाचले आहे. आमचे आठवी-नववीचे विद्यार्थी ते करू शकतील का?
— एक विज्ञान शिक्षक, नांदेड

उत्तर : आपल्याकडे शून्य सावली, म्हणजे भरदुपारी सूर्य नेमका डोक्यावर येणे, वर्षातून दोनदा येते. लातूरला १३ मे, नांदेडला १६-१७ मे आणि छत्रपती संभाजीनगरला २० मेच्या सुमारास पहिली आणि जुलैच्या अखेरच्या आठवड्यात दुसरी. दुसरी शाळेच्या दिवसांत येते खरी, पण तेव्हा आभाळ भरलेले असते. सुट्टीतल्या दिवशी मुलांनी घराच्या अंगणात पाण्याचा तांब्या उभा करून पाहावा आणि दुपारी साडेबाराच्या आतबाहेर त्याची सावली कशी बुडाखाली शिरते ते वहीत नोंदवावे, एवढा गृहपाठ पुरे आहे. जूनमध्ये शाळा उघडली आणि ढगांतून ऊन पडले तर आणखी एक गंमत दाखवता येते : त्या दिवसांत भरदुपारची सावली उत्तरेऐवजी दक्षिणेला पडते. २१ जूनला नांदेडात एक मीटर काठीची सावली दक्षिणेकडे जेमतेम साडेसात सेंटीमीटर असते.

परिघाचा प्रयोग मात्र कोणत्याही निरभ्र दिवशी होतो. त्याची मूळ युक्ती अलेक्झांड्रियाच्या इरॅटोस्थेनिस या ग्रीक विद्वानाची आणि ती सुमारे बावीसशे वर्षांपूर्वीची आहे. उत्तर-दक्षिण रेषेवरच्या दोन गावांत एकाच दिवशी मध्यान्हीच्या सावलीचे कोन, म्हणजे उभी काठी आणि तिच्या माथ्यावरून येणारा किरण यांमधले कोन, मोजायचे. त्यांतला फरक म्हणजे त्या दोन गावांमधला पृथ्वीच्या वर्तुळाचा तुकडा किती अंशांचा आहे ते. तेवढ्या अंशांना दोन गावांमधले अंतर, तर ३६० अंशांना किती, या त्रैराशिकाने परीघ निघतो. या बाबतीत नांदेडकर भाग्यवान आहेत, कारण दिल्ली जवळजवळ नांदेडच्याच रेखावृत्तावर आहे. दोन्ही शहरांत सरळ अंतर सुमारे १,०५० किलोमीटर आहे आणि सावलीच्या कोनांत साधारण साडेनऊ अंशांचा फरक यायला हवा. हुजूर साहिबमुळे नांदेडची दिल्ली-पंजाबकडची ये-जा जुनी आहे, तेव्हा ओळखीतून तिकडची एखादी शाळा मिळणे अवघड जाऊ नये. लातूर आणि छत्रपती संभाजीनगर अशी जोडी जवळची म्हणून निवडू नये. तिथे फरकच दीड अंशाचा आहे आणि शाळेतल्या मोजणीत अर्ध्या-एक अंशाची चूक सहज होते. दिल्लीच्या जोडीत एका अंशाच्या चुकीने उत्तर चारेक हजार किलोमीटरांनी हलते, पण खऱ्या चाळीस हजारांच्या जवळ तरी राहते.

मोजणीची खरी अडचण सावलीच्या टोकाशी येते. सूर्य हा ठिपका नसून अर्ध्या अंशाची चकती आहे, त्यामुळे काठीची सावली टोकाकडे पुसट होत जाते आणि दोन मुले तिची लांबी दोन प्रकारे सांगतात. यावर उपाय सोपा आहे. काठीच्या माथ्यावर जाड पुठ्ठ्याचा तुकडा बसवून त्याला दाभणाने भोक पाडावे. पुठ्ठ्याच्या सावलीच्या मधोमध प्रकाशाचा एक लहानसा टिकला पडतो आणि त्याचा मध्य गाठणे सोपे जाते. काठी ओळंब्याने उभी करावी, फरशी समतल आहे ना ते पाहावे, पावणेबारापासून पाऊण वाजेपर्यंत दर पाच मिनिटांनी टिकल्याच्या जागी खडूची खूण करावी आणि सर्वांत आखूड अंतराची खूण निवडावी. नांदेडात ती वेळ घड्याळाच्या बारा वाजता न येता हिवाळ्यात साधारण सव्वाबारानंतर येते, कारण आपले घड्याळ साडेब्याऐंशी अंश रेखावृत्तावर चालते आणि नांदेड त्याच्या पश्चिमेला आहे. कोनासाठी त्रिकोणमितीची गरज नाही. आलेखाच्या कागदावर प्रमाणात त्रिकोण काढून कोनमापकाने मोजला तरी चालतो.

तो टिकला भोकाच्या आकाराचा नसतो. भोक चौकोनी पाडले तरी तो गोलच पडतो, कारण ती सूर्याची प्रतिमा असते. काळोख्या वर्गात खिडकीच्या पुठ्ठ्याला बारीक भोक पाडून पाच मीटरांवर धरलेल्या पांढऱ्या कागदावर ती घेतली तर साडेचार-पावणेपाच सेंटीमीटरांची येते. म्हणजे प्रतिमेच्या व्यासाच्या सुमारे १०७ पट अंतर. सूर्याचे अंतर १५ कोटी किलोमीटर धरून त्याच प्रमाणाने भागले की सूर्याचा व्यास चौदा लाख किलोमीटरांच्या आसपास निघतो.

प्रश्न : मी शेतकरी आहे. नातू सातवीत आहे. तो म्हणतो, ‘आजोबा, मृग नक्षत्र थंडीत दिसते असे सर म्हणतात, मग तुम्ही जूनमध्ये मृग निघाला असे का म्हणता?’ मला सांगता आले नाही. नक्षत्रांवरचे आमचे आडाखे शाळेच्या विज्ञानात बसतात की नाही, तेही सांगावे.
— एक आजोबा, ता. पाथरी, जि. परभणी

उत्तर : आजोबा, नातवाचे सर आणि आपण, दोघेही बरोबर आहात. ७-८ जूनच्या सुमारास ‘मृग निघाला’ म्हणजे सूर्य मृग नक्षत्राच्या दिशेला आला. सूर्य ज्या दिशेला आहे तिथले तारे त्याच्याबरोबरच उगवतात आणि मावळतात, म्हणून जूनमध्ये मृगाचे तारे दिसत नाहीत. सहा महिन्यांनी पृथ्वी सूर्याच्या दुसऱ्या बाजूला गेलेली असते. तेव्हा डिसेंबरात दिवेलागणीला मृग पूर्वेला उगवतो आणि रात्रभर दिसतो. त्याच्या पोटातले एका ओळीतले तीन तारे आणि खाली झगझगणारा व्याध आपण रब्बीला पाणी देताना कितीदा पाहिले असतील.

हे नातवाला बोलून सांगू नका, अंगणात करून दाखवा. मध्ये कंदील ठेवा, तो सूर्य. भोवती मोठे रिंगण करून वाड्यातल्या पोरांना उभे करा आणि एकेकाला रोहिणी, मृग, आर्द्रा अशी नावे द्या. नक्षत्रे सत्तावीस आहेत, पण निम्मी पोरे जमली तरी चालते. नातू पृथ्वी होऊन कंदिलाभोवती फिरेल. कंदिलाकडे तोंड असेल तेव्हा त्याचा दिवस आणि पाठ असेल तेव्हा रात्र. मृग झालेला मुलगा कंदिलाच्या बरोबर पलीकडे येईल अशा जागी नातवाला थांबवून विचारा, रात्री तुला कोण दिसते? त्याच्यासमोर ज्येष्ठा आणि मूळ उभे असतील आणि जूनच्या रात्री ढग विरळ झाले तर दक्षिणेकडे खरोखर तांबूस ज्येष्ठाच दिसते. सूर्य एका नक्षत्रात तेरा-चौदा दिवस का राहतो, हेही रिंगणातच उमगते : सत्तावीस घरे आणि ३६५ दिवस.

आडाख्यांविषयी आम्ही वरवरचे उत्तर देणार नाही. मृगाच्या सुमारास पेरणीची तयारी ठेवावी, यामागे शेकडो वर्षांचा अनुभव आहे, कारण सूर्याचे स्थान आणि मोसमी पावसाचे येणे यांचा संबंध खरा आहे. पण नक्षत्राचे वाहन बेडूक किंवा म्हैस असेल तर पाऊस भरपूर आणि गाढव असेल तर ओढ, हे पंचांगातले भाकीत वेगळ्या जातीचे आहे. वाहन सूर्य-नक्षत्रापासून चंद्र-नक्षत्रापर्यंत मोजून आणि नऊने भागून ठरते, त्यात ढग किंवा वारा कुठेच येत नाही. तरीही आमच्या शब्दावर विसंबू नका. नातवाला पर्जन्यमापक करू द्या : सरळ उभ्या बाजूंची प्लास्टिकची बाटली वरून कापून तिचे नरसाळे उलटे बसवायचे, तळाच्या खळग्यात खडे व थोडे पाणी घालून पातळी सारखी करायची, तिथून मिलिमीटरची पट्टी लावायची आणि झाडा-भिंतीपासून दूर ठेवायची. रोज सकाळी एकाच वेळी मोजून प्रत्येक नक्षत्राचा एकूण पाऊस आणि समोर त्याचे वाहन, असा तक्ता भिंतीवर लावा. तीन-चार पावसाळ्यांचा तक्ता झाला की आपण आणि नातू मिळून काय ते ठरवा. मृगापासून हस्तापर्यंतची अशी सलग नोंद गावात कोणाकडे नसेल, तर ती पुढे शेतीलाही उपयोगी पडेल.

प्रश्न : मी सातवीत शिकते. आमच्या औंढा तालुक्यात लायगो नावाची प्रयोगशाळा होणार आहे. काका म्हणतात, ती खूप मोठी दुर्बीण आहे. तिच्यातून काय दिसणार? आम्हाला वर्गात तसे काही करता येईल का?
— एक विद्यार्थिनी, औंढा नागनाथ, जि. हिंगोली

उत्तर : तुझ्या काकांना सांग की ही दुर्बीण डोळा लावून पाहायची नाही. दोन कृष्णविवरे एकमेकांभोवती फिरत आदळली की अवकाशातच लहरी उठतात आणि त्या पृथ्वीवरून जाताना लांबी एका दिशेने किंचित वाढते व दुसऱ्या दिशेने किंचित घटते. ‘किंचित’ म्हणजे प्रोटॉनच्या जाडीच्या हजारो भागांतला एक भाग. हे मोजण्यासाठी काटकोनात दोन लांब नळ्या असतात, प्रत्येकी चार किलोमीटरांची, आणि त्यांतून लेसरचा प्रकाश जाऊन परत येतो. अमेरिकेतल्या अशा दोन प्रयोगशाळांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिली लहर पकडली. ती सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षांवरून आली होती आणि एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी पोहोचायला तिला सुमारे ७ मिलिसेकंद लागले. लहर कोणत्या बाजूने आली हे अशा फरकावरून कळते, म्हणून त्यांच्यापासून खूप दूर असलेली तुमच्या तालुक्यातली प्रयोगशाळा महत्त्वाची आहे. २०२३ मध्ये केंद्र सरकारने तिच्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले.

आता मैदानात चल. चुन्याने काटकोनात दोन सारख्या रेघा आखा, प्रत्येकी चाळीस पावलांच्या. लेझमीच्या ठेक्यावर दोन मुली कोपऱ्यातून एकाच वेळी निघतील, एका ठोक्याला एक पाऊल, आणि टोकाला शिवून परततील. रेघा सारख्या असतील तर दोघी एकाच ठोक्याला कोपऱ्यात पोहोचतील. मग तिसऱ्या एका मुलीला डोळ्यांवर पट्टी बांधून पाठमोरी उभी करा आणि तिच्या नकळत एका रेघेचे टोक अर्ध्या पावलाने पुढे सरकवा. तिने फक्त पावलांचा आवाज ऐकून ‘सरकले’ किंवा ‘नाही’ एवढे ओळखायचे. लायगोत पावलांऐवजी प्रकाशाच्या लहरी असतात आणि त्या एकत्र येताना जुळल्या की उजेड व विरुद्ध पडल्या की काळोख होतो.

हे ऐकून पटणार नाही, म्हणून जुनी बांगडी साबणाच्या दाट पाण्यात बुडवून उभी धर. बांगडीत पातळ पडदा तयार होईल. पाठीमागे काळे कापड धरून तो उजेडाकडे वळव आणि हात न हलवता पाहत राहा. पाणी खाली उतरत जाते तसा पडदा वरून पातळ होतो आणि हिरव्या-गुलाबी रंगांचे आडवे पट्टे हळूहळू खाली सरकतात. शेवटी वरच्या काठाला एक काळा पट्टा येतो. तिथे पडदा फाटलेला नसतो. तो इतका पातळ झालेला असतो की पुढच्या आणि मागच्या पृष्ठभागावरून परतणारा प्रकाश एकमेकांना पुसून टाकतो. तो पट्टा दिसला की पडदा फुटायला फार वेळ लागत नाही, म्हणून मैत्रिणींना आधीच जवळ बोलावून ठेव.

प्रश्न : आम्ही काही पालक मिळून शाळेला दुर्बीण भेट देणार आहोत. कोणती घ्यावी?
— एक पालक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : पहिली भेट म्हणून १०×५० ची (दहा पट मोठे दाखवणारी, ५० मिलिमीटर भिंगांची) चांगली द्विनेत्री, म्हणजे बायनॉक्युलर, आणि ती बसवायला भक्कम तिपाई घ्यावी. खेळण्याच्या दुकानातली, खोक्यावर ‘५०० पट’ छापलेली दुर्बीण घेऊ नये. तिच्यात तारा सापडण्याआधीच मुलांचा धीर सुटतो. तिपाईवरच्या द्विनेत्रीतून चंद्रावरची मोठी विवरे, कृत्तिकांचा पुंजका आणि गॅलिलिओने १६१० मध्ये पाहिलेले गुरूचे चार चंद्र दिसतात. सलग आठ रात्री त्या चंद्रांच्या जागा मुलांनी काढून ठेवल्या तर ते गुरूभोवती फिरतात, हे त्यांनाच सिद्ध करता येते. चंद्र पाहायचा तो पौर्णिमेला पाहू नये, शुद्ध सप्तमी-अष्टमीला पाहावा, कारण तेव्हा उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या सावल्या लांब पडतात. याच्या उलट वद्य अष्टमीच्या आसपास सकाळच्या परिपाठाला अर्धा चंद्र पश्चिमेकडे दिसतो. शाडूचा गोळा काडीवर खोचून त्या चंद्राशेजारी हात लांब करून धरला की गोळ्याचाही तेवढाच आणि त्याच बाजूचा भाग उजळलेला दिसतो. चंद्रकला पृथ्वीच्या सावलीमुळे होतात असे मानणाऱ्या मुलाला हा गोळा पुरेसा आहे आणि त्याला दुर्बीण लागत नाही.

द्विनेत्री किंवा दुर्बीण दिवसा कुलपात ठेवावी आणि किल्ली शिक्षकांकडे असावी. तिच्यातून सूर्याकडे क्षणभर पाहिले तरी दृष्टी कायमची जाऊ शकते. काजळी धरलेली काच, एक्स-रेची फिल्म, दोन-तीन गॉगल एकावर एक, यांपैकी काहीही सुरक्षित नाही.